चौथ्या पोस्टकार्डावरचं चर्च

मंडळी, तासाभरापूर्वी इथल्या, अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातून घरी पोचलो. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, मला तिथल्या चार जुन्या चर्चेसची पोस्टकार्डं मिळाली होती. आई नागपूरहून आलीये, म्हटलं तिला कार्डं बघत बघत ती चर्चेस दाखवू.

पहिल्याच दारात आईने चपला काढल्या. दुसऱ्यातही. लोक बघायला लागले. मी वैतागलो, "आई, इथे काढत नाहीत गं!" तिसऱ्या चर्चमध्ये ती बिचारी चपला घालून गेली आणि मिनिटभरात बाहेर आली.

चौथं चर्च सापडेना. त्या कोपऱ्यावर आता पार्किंग लॉट होता. मी गाडी वळवणार, तोच आई उतरली, चपला काढल्या आणि तापलेल्या डांबरावर हात जोडून उभी राहिली.

मीही मागोमाग उतरलो. "अगं, इथे काही नाहीये!"

"चर्च नसेल. जागा तर तीच आहे ना?"

तेवढ्यात तिथला म्हातारा अटेंडंट आला. आता हा ओरडणार, म्हणून मी आधीच सॉरी म्हणून पोस्टकार्ड पुढे केलं. त्याने ते हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या आईवडिलांचं लग्न इथे झालं." पायऱ्या कुठे होत्या तेही दाखवलं. तिथे एक व्हॅन उभी होती. मग त्याने आईकडे पाहिलं आणि डोक्यावरची कॅप काढली.

दोघं शेजारी शेजारी उभे. मी बाजूला, बूट घालून, हातात गाडीची किल्ली.

कार्ड आईने त्यालाच देऊन टाकलं.

खरं सांगा, तुम्ही असता तर बूट काढले असते?