घाट उतरून आलेला मुराळी

सायकल चालवणारी पहिली बाई मी पाहिली ती माझ्याच दारात, आणि ती आली होती माझ्याच बायकोला घेऊन जायला. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी शाळामास्तर. उद्घाटनाला आलेल्या मोठमोठ्या माणसांच्या गळ्यात हार घालून घालून माझे हात दुखून आले. पण मनापासून हार घालावा असं माणूस मला एकच भेटलं, सिंधूताई खरात. तिला मात्र कधी हार घातला नाही.

ती माझ्या बायकोची, आमच्या कोकिळेची मैत्रीण. दोघी सुलतानपूरच्या, म्हणजे घाटावरच्या, लोणारकडच्या. आमचं वडनेर भोलजी घाटाखाली, मध्ये ऐंशी मैल. कोकिळेचं घर कास्तकाराचं, सिंधूचं बौद्ध. शाळेत दोघी एका पाटीवर लिहायच्या आणि घरी जाताना वाटा वेगळ्या व्हायच्या. पुढे सिंधू सुईणीचं शिक्षण घेऊन मेहकरकडच्या दवाखान्यात लागली. खेड्यापाड्यांतली बाळंतपणं करायची, म्हणून सायकल शिकली. सायकल भावाची जुनी, दांडीची. लुगड्याचा कासोटा घट्ट खोवून ती टांग टाकायची. कोणी हसलं तर म्हणायची, "हसा बे, तुमच्या घरी बाळंतपन निंघालं म्हंजे मीच येनार हाय."

आमचे वडील भगवानराव. जमीन चाळीस एकर आणि ताठा चारशे एकरांचा. त्यांचा एक नियम होता. सून माहेरी जायची तर न्यायला मुराळी आला पाहिजे, आणि त्यानं माहेरची गाडी आणली पाहिजे. लग्नानंतर पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोकिळेचा चुलतभाऊ बिचारा एसटीनं आला. वडील त्याला ओट्यावरूनच म्हणाले, "माही सून काय पार्सल हाय, एसटीत टाकून न्यायले? गाडी जुंपून ये." घाट चढून उतरून चार दिवसांची बैलगाडी कोण जुंपतो? तो गेला तो गेलाच. कोकिळेला सख्खा भाऊ नव्हता, वडील वारलेले. आई पुष्पाबाईनं यावं तर लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही रीत. आम्हाला मूल नव्हतं. अशी चार वर्षं गेली.

मग १९६४च्या चैत्रात सिंधूचं कार्ड आलं. पुष्पाबाईंना ती काकू म्हणायची. "काकूच्या डोळ्यांत मोती उतरून राह्यला. मानूस सावलीवानी दिसते. म्हणते, आखाजीले कोकी आली तर तिचं तोंड दिसन, मंग दिसते का नाही, काय सांगावं."

कोकिळेनं ते कार्ड पिठाच्या डब्यात ठेवलं आणि रोज भाकरी करताना वाचलं. माझ्याशी ती भांडली नाही, हेच मला फार लागलं. एकदा मी हिय्या करून वडिलांपुढे तोंड उघडलं आणि जांभई देऊन मिटलं. मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा घोडा होतो.

आखाजीच्या चार दिवस आधी, भर दुपारी, आमच्या गल्लीत पोरंटोरं आणि म्हातारे यांची मिरवणूक शिरली. पुढे धुळीनं पांढरी झालेली एक बाई सायकल हातात धरून चालत होती. सायकलीच्या कॅरियरला निंबाचं एक दांडकं दोरीनं बांधलेलं. सिंधू मेहकर, चिखली करत बुलढाण्याला मुक्कामाला थांबली होती आणि सकाळी राजूरचा घाट उतरली होती. पहिल्याच वळणावर ब्रेकचे रबर झिजून गेले. तेव्हा तिनं निंबाची मोठी फांदी तोडून सायकलीला मागे बांधली. फांदी रस्त्यावर घासत राहिली की सायकल धावत नाही, हे तिनं एका गाडीवानाकडून ऐकलं होतं. फांदीचा पाला सगळा घाटात राहिला, आमच्या दारात आलं ते सोललेलं दांडकं. तो घाट मी एसटीत बसूनही डोळे मिटून उतरायचो.

"जयभीम, बाबा," ती ओट्याखाली उभी राहून वडिलांना म्हणाली. "मी सुलतानपूरची सिंधू. कोकीले न्यायले आली."

"तू?" वडील म्हणाले. "मुराळी म्हनून?"

"हाव. तिले भाऊ नाही, मंग मीच."

"आन् गाडी?"

तिनं सायकलच्या सीटवर थाप मारली. "हे काय. माहेरचीच हाय. एसटीनं येत होती मी, पन तुमी परत धाडलं असतं."

मिरवणुकीतलं कोणीतरी फिसकन हसलं. वडिलांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पेच असा होता की नियम त्यांचाच, आणि सगळ्या गावाला तोंडपाठ. मुराळी दारात आला की त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, जेवू घालायचं. आणि आमच्या घरात तोवर बौद्ध माणसाला पाणी द्यायचं ते ओट्याखाली, वरून ओंजळीत. मी मध्ये बोलायला हवं होतं. शाळेत 'सारी माणसं समान' असा धडा मी आठवड्यापूर्वीच शिकवला होता, पोरांकडून पाठ करून घेतला होता. मी खांबाला टेकून उभा राहिलो. दाराआड कोकिळेच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

तेवढ्यात आतून माझी माय आली, झुंबरबाई. जन्मभर वडिलांपुढे वर मान न केलेली बाई. तिच्या एका हातात पाट, दुसऱ्यात पितळी तांब्या. तिनं पाट ओट्यावर मांडला आणि सिंधूला म्हणाली, "ये वं माय, वर ये. पाय पुढं कर."

"काय करून राह्यली तू?" वडील गरजले.

"मुराळ्याचे पाय घरची बाई धुते. तुमचाच रिवाज हाय."

सिंधूच्या एका पायडलचं रबर कधीच गळून पडलेलं. उघड्या लोखंडानं तिचा तळवा चिरला होता आणि रक्तावर धूळ बसून त्याचा लेप झाला होता. माय तो लेप बोटानं हळूहळू सोडवत राहिली. तांब्या संपला तर दुसरा मागवला. गल्लीतलं कोणी हसत नव्हतं. वडील उठून गोठ्याकडे गेले. जाताना एवढंच म्हणाले, "सकाळी उन्हाच्या आत निंघा." मी पाहत होतो. त्या पायापुढे मला माझे बूट काढून ठेवावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या निघाल्या. मीही माझी सायकल काढून घाटाच्या पायथ्यापर्यंत सोबत गेलो. माझं कॅरियर रिकामं होतं, तरी कोकिळा सिंधूच्याच मागे बसली. मुराळ्याच्या गाडीतूनच जायचं असतं, असं तिनं मला ऐकवलं. चार वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलली. पायथ्याशी मी थांबलो. बोलावल्याशिवाय जावयानं सासुरवाडीला जायचं नाही, तीही एक रीत. आमच्याकडे रीतींना तोटा नाही.

दोघी सायकलीच्या दोन बाजूंना झाल्या आणि ढकलत घाट चढू लागल्या. एका वळणाआड जायच्या, आणखी वर दुसऱ्या वळणावर दिसायच्या, आणखी लहान झालेल्या. उन्हात घाटाचा काळा कातळ तापलेला, पळसाला पानही नाही, आणि त्या उघड्या डोंगरावर दोन बायका आणि एक सायकल. मधूनच कोकिळेच्या हसण्याचा आवाज खाली यायचा. डोंगर मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तो एवढा मोठा आहे, आणि माणूस त्याच्याहून मोठा होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या दिसेनाशा झाल्यावरही मी बराच वेळ मान वर करून उभा होतो.

पुष्पाबाईंना लेकीचं तोंड दिसलं. उंबऱ्यात उन्हाला बसवून, हनुवटी धरून त्यांनी ते घटकाभर पाहिलं, असं कोकिळेनं मागून सांगितलं.

पण घाटाच्या पायथ्याहून त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा माय चुलीपुढे बसली होती. तिनं विचारलं, "चढल्या घाट?"

"चढल्या."

तिनं जाळ पुढे सारला. "माहं माहेर अमडापूर, घाटावरच हाय. भाऊ गेला तवापासून कोनी गाडी जुंपली नाही. बावीस वर्सं झाली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "निवृत्ती, सायकलीनं किती कोस पडन रे?"

बायकोची चार वर्षं मला निदान मोजता आली होती. मायची बावीस वर्षं माझ्या नजरेसमोर गेली आणि मला पत्ताच नव्हता. कोकिळा परत आल्यावर मी तिला हे सांगितलं, तिनं सिंधूला कार्ड लिहिलं.

पुढच्या आखाजीला गल्लीत पुन्हा मिरवणूक आली, मागे पुन्हा निंबाचं दांडकं. कोकिळा पिशवी भरून दारात तयार. सिंधू तिला म्हणाली, "तू सरक वं बाजूले. यंदा मी मावशीले न्यायले आली."

मायनं पाट आणला, पण तो मांडायच्या आधीच ती उंबऱ्यावर बसली. पाय धुणारी घरची बाई तीच, आणि जाणारीही तीच. वडील माझ्याकडे बघत होते. मी खांब सोडला, तांब्या भरून आणला आणि ओट्याखाली उकिडवा बसून सिंधूचे पाय धुतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे माय कॅरियरवर बसली. एका हातानं डोक्यावरचा पदर आणि दुसऱ्यानं सिंधूची कंबर धरली आणि ओट्यावर बसलेल्या भगवानरावांना म्हणाली, "भाकरी टोपल्यात हायेत. मी माह्या माहेरी जाऊन येते."