तपकिरी बगळ्याला दुसरा साक्षीदार

चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणजे आमचे भिंगवाले. त्यांच्या पोटात दुखायचं ते एकाच माणसावरून, साडूवरून. साडूची बेकरी. त्याला पक्ष्यांचा नाद लावला भिंगवाल्यांनीच. दुर्बीणसुद्धा स्वतःच्या दुकानातली दिली. आणि हा पठ्ठ्या वर्षभरात असा तयार झाला, की पाणथळीवर जो तो त्यालाच विचारू लागला, "बेकरीवाले, ते काय बसलंय हो?" भिंगवाले तिथे शेजारीच उभे! अंगाचा नुसता तिळपापड. घरी बायकोचं आणखी वेगळंच, "भावोजींची नजर कसली तीक्ष्ण आहे ना!" भिंगवाले चहा अर्धा टाकून उठले.

त्या रविवारी पाण्याकाठच्या लाकडी खोपटात दोघेच होते. फटीतून बघता बघता भिंगवाल्यांना लव्हाळ्यात मान वर ताणून उभा असलेला तपकिरी बगळा दिसला. कित्येक वर्षांत इथे कुणाला दिसला नव्हता तो! असा पक्षी शोधणाऱ्याचं नाव फाटकाजवळच्या फळ्यावर वर्षभर राहायचं. साडूचं दोनदा लागलं होतं, भिंगवाल्यांचं एकदाही नाही.

"साडू, तिकडे बघा, पाणकोंबड्या!" त्यांनी भलतीकडेच बोट दाखवलं. साडू मुकाट्याने वळला. बगळा उडून जाईपर्यंत भिंगवाल्यांनी ब्र काढला नाही.

फाटकाशी आल्यावर मात्र छाती फुगवून सगळं सांगितलं. तिथल्या रखवालदार बाईंनी खडू उचलला आणि थांबल्या. "आणखी कुणी पाहिला? दोघांनी पाहिल्याशिवाय नाव लागत नाही. या बेकरीवाल्यांच्या पहिल्या पक्ष्याच्या वेळी तुम्हीच तर हट्टाने हा नियम करायला लावलात."

भिंगवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी पाहिला की," साडू म्हणाला. "पण नाव यांचं एकट्याचंच लिहा."

वा रे वा, वर उपकार! भिंगवाल्यांनी त्याला बाजूला ओढलं. "खोटं कशाला बोलता? तुमची पाठ होती तिकडे."

"खोटं नाही हो. तुमच्या आधीच दिसला होता मला. म्हटलं, आज तुम्हाला सापडू दे. म्हणून गप्प बसलो. मग तुम्ही पाणकोंबड्या दाखवल्यात, त्या बघितल्या."

बाईंनी मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. लोक जमले, हात मिळवू लागले. साडू सगळ्यांत पुढे, टाळ्या वाजवत होता. भिंगवाल्यांना जन्मात कुणाचा एवढा राग आला नव्हता.