जटपुरा गेटाच्या आतले रविवार

जुना रस्ता दाखवायला निघालेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. रस्त्याच्या मधोमध उभं राहून नुसतं वर बघायला लागा. लोक आपणहून विचारतात, "काय झालं जी?" आणि तिथून सुरू!

चंद्रपुरात जटपुरा गेटातून आत शिरलं की आमचा रस्ता लागतो. रविवारी सकाळी आम्ही तिघं लोकांना तो पायी फिरवतो. इतिहास शिकवून रिटायर झालेल्या रामटेके मॅडम, सागवानाची दारं-खिडक्या करणारे सलीमभाई, आणि मी, बँकेतला क्लार्क. मॅडम इतिहास सांगतात, सलीमभाई लाकूडकाम दाखवतात, मी पाण्याच्या बाटल्या धरतो. नाव मात्र मोठं, हेरिटेज वॉक!

*

पहिल्याच रविवारी मॅडमच्या हातात फाईल होती आणि माझ्या हातात मोजायची टेप. एका दुकानदारानं ते पाहिलं आणि बोंब ठोकली, "अतिक्रमणवाले आले!"

झालं! बादल्या, स्टुलं, लटकवलेले गाऊन, पुतळे, सगळं धडाधड आत. मी ओरडून सांगतोय, "अहो भाऊ, आम्ही ते नाही!" ऐकतो कोण?

बघता बघता रस्ता रिकामा. कधी न दिसलेले दगडी ओटे दिसले, पायऱ्या दिसल्या, एका खांबाच्या पायथ्याशी कोरलेलं कमळ दिसलं. मॅडमनी संधी सोडली नाही. "पटकन पाहून घ्या! रस्त्याची मूळ रुंदी ही अशी होती!"

*

गेटावर दगडात हत्ती कोरलाय आणि त्याच्यावर सिंह. गोंड राजांची खूण. मॅडम ते रंगवून सांगत होत्या, तेवढ्यात पोंभुर्ण्याहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "मॅडम, हा सिंह हत्तीवर बसून कुठी चालला असन?"

खाली गेटात नेहमीसारखा जाम. एका ऑटोतून डोकं बाहेर आलं. "कुठीच नाई जात जी! मायासारखाच अटकून राह्यला!"

*

सलीमभाईंना जुनं दार दिसलं की हात शिवशिवतो. दोन बोटांनी टकटक केल्याशिवाय पुढं जात नाहीत. साहजिकच आतून आवाज येतो, "कोण आहे?"

"कोणी नाई जी, दरवाजा चांगला आहे!"

एका घरचे आजोबा पहिल्यांदा भडकले. दुसऱ्यांदा त्यांनी दार उघडून बिजागऱ्या दाखवल्या. आता आम्ही पोचायच्या आधीच चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर उभे असतात. एकदा सलीमभाई भाचीच्या लग्नाला गेले होते. आजोबांनी आमच्यामागं पाहिलं आणि ट्रे तसाच धरून म्हणाले, "मंग आज दरवाजा कोण वाजवंल?"

आम्ही सगळ्यांनी रांगेनं वाजवला.

*

नागभीडहून एक बोरकर भाऊ नेमानं यायचे. ट्रॅकसूट, स्पोर्ट शूज, मनगटावर घड्याळ. दर घरापुढं थांबायचो तेव्हा ते जागच्या जागी कदमताल करायचे. आम्हाला वाटलं, थंडी वाजत असेल.

शेवटी एकदा मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, डॉक्टरनं मले वॉक सांगतला होता. तुमच्या वॉकात तर कुठी चहा, कुठी पोहे, कुठी चिवडा! वजन वाढून राह्यलं ना!"

"मग दुसरीकडे चाला की भाऊ."

"नाई जी," बोरकर भाऊ गंभीर झाले. "तिथी पोहे नाई देत."

*

आता आमचा सगळ्यात लाडका किस्सा. रस्त्यावर पद्माबाईंचं घर आहे, खाली भांड्यांचं दुकान आणि वर सागवानाची कोरीव गॅलरी. ही गॅलरी आजही जागेवर आहे. ती कशी राहिली, त्याचीच ही गोष्ट.

मुलाला, संतोषला, ती पाडून काचेचं शोरूम करायचं होतं. आम्ही विनवण्या केल्या. सलीमभाई म्हणाले, "फुकट दुरुस्त करून देतो." संतोषचं एकच उत्तर, "जुनं लाकूड पाहून गिऱ्हाईक येत नाई."

एका रविवारी आम्ही पोचलो तर गॅलरीत संतोष, ठेकेदार आणि पाडायला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतलेली दोन माणसं. तरी मॅडम म्हणाल्या, "शेवटचं नीट सांगते," आणि नक्षी, खांब, कठडा, सगळं सांगितलं. सलीमभाई जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात पद्माबाई खाली आल्या, चपला घातल्या आणि आमच्या घोळक्यात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, सारं बरोबर सांगतलं. पन मेन गोष्ट राह्यली ना!"

"कोणती हो बाई?"

"मी समोरच्या घरची. तिथली पोरगी." त्यांनी रस्त्यापलीकडच्या खिडकीकडे बोट केलं, मग वर संतोषकडे. "याचा बाप रोज सकाळी या गॅलरीत उभा राहून दात घासे. अर्धा अर्धा तास! माया बापाले वाटे, पोरगा किती साफसुथरा आहे!"

सगळा रस्ता हसला. बाई पदर तोंडावर धरून स्वतःच हसत होत्या, आणि डोळे भरले होते.

वर ठेकेदारानं विचारलं, "संतोषभाऊ, मंग लावू का सब्बल?"

संतोष कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून खाली वाकला होता.

"थांब ना बे! आईले पुरं सांगू दे!"