दोनगड्डे मिस्त्री

दोनगड्डे मिस्त्रींच्या थैलीत थापी, ओळंबा आणि सुतळीच्या गुंड्याबरोबर प्लास्टिकचा एक डबा असायचा. डब्यात काळी, भुसभुशीत माती. कुणाच्या घरी संडास बांधायचं बोलणं निघालं की मिस्त्री चिमूटभर माती समोरच्याच्या तळहातावर ठेवत. "घ्या, वास घ्या." माणूस हुंगून म्हणे, चांगली माती आहे, कुठल्या वावरातली? मग मिस्त्री शांतपणे सांगत, "आमच्या संडासाच्या गड्ढ्यातली हाय. दीड वरीस बंद होता." आमच्या घरी हे बोलणं झालं, त्या दिवशी माती हुंगलेल्या सासूबाईंनी दोनदा डोक्यावरून आंघोळ केली आणि संध्याकाळपर्यंत मिस्त्रींच्या नावानं खडे फोडले.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण रामाकोन्यापासून लोधीखेड्यापर्यंत सगळे त्यांना दोनगड्डेच म्हणत, कारण एका खड्ड्याचा संडास ते बांधतच नसत. दोन खड्डे, मध्ये एक चेंबर, चेंबरातून दोन्हींकडे पाइप, आणि त्यातला एक पाइप विटेनं बंद. एक खड्डा भरला की वीट दुसऱ्या पाइपात लावायची. भरलेला दीड वर्ष तसाच झाकून ठेवायचा, की आत नुसती माती उरते. हे ते प्रत्येक घरी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगत. शेतकरी कुरकुरला की म्हणत, "वावर पडीत ठेवता ना एखादं वरीस? तसाच हा गड्ढा समजा."

मी अंगणवाडीत काम करते. हितग्राहींच्या, म्हणजे सरकारी संडास मंजूर झालेल्यांच्या, याद्या घेऊन दारोदार मीच हिंडले, म्हणून सांगते. वेशीवर गाव हागणदारीमुक्त झाल्याची पाटी लागली, तेव्हा निम्म्या संडासांत पऱ्हाटी, कपाशीच्या वाळल्या काड्या, रचलेली होती आणि उरलेल्यांत संत्र्यांची खोकी. लोकांना वाटे, वापरला तर भरेल. अरे बाप्पा, भरण्यासाठीच तर खणलाय! मी भांडून थकले. मिस्त्री मात्र थकत नसत. हातातलं काम सोडून पऱ्हाटी स्वतः बाहेर काढून देत.

एकदा मी विचारलं, "मिस्त्री, इतका जीव का टाकता? तुमचं काम बांधायचं. पुढे लोक जाणोत."

ते विटा भिजवत होते. मान वर न करता म्हणाले, "माह्या बापानं गावचे मेलेले ढोरं ओढले, बाई. आमच्या मोहल्ल्यानं मोठ्या मुश्किलीनं ते काम सोडलं. आता घरोघरी गड्ढे होऊन राहिले. ते भरतीन, तवा कोनाले बोलावतीन? आमालेच ना? म्हनून दोन. ओल्या गड्ढ्यात मानूस उतरला नाही पाह्यजे. कोनाचाच."

त्यानंतर मला त्यांच्या दोन खड्ड्यांची कधी थट्टा करवली नाही.

आणि नेमका आमच्याच घरात घोळ झाला. नणंदेचं लग्न होतं, घर पाहुण्यांनी भरलं होतं. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मनात आलं, दोन खड्डे खणले आणि एक रिकामा पडून राहिला, हे कसलं शहाणपण? त्यांनी चेंबरचं झाकण उचललं आणि वीट काढून फेकली. दोन्ही खड्डे सुरू. मी पाहिलं होतं. लग्नाच्या गडबडीत कोण बोलतं, म्हणून गप्प बसले. पुढे ती वीट परत लागलीच नाही.

चार वर्षांनी, भर पावसाळ्यात, दोन्ही खड्डे एकाच आठवड्यात तुंबले. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना धरून चिखलातून संत्र्याच्या बागेत न्यायचं आणि आणायचं, हे माझं रोजचं काम झालं. एके दिवशी आम्ही दोघीही घसरून पडलो. सासूबाई त्या चिखलातच बसून रडल्या. मी मिस्त्रींना फोन केला.

ते आले. चेंबर उघडून पाहिलं आणि तिथंच उकिडवे बसले. "वीट कोनं काढली?"

मामाजी खाटेवरून म्हणाले, "आता ते सोड. तुमच्या मोहल्ल्यातल्या कोनाले तरी धाड आन खाली करून दे. हातोहात होऊन जाईन."

मिस्त्री उठले. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. चिडलेला नव्हता, नुसता दमलेला होता. "काकाजी, तिसरा गड्ढा खना. हे दोन्ही दीड वरीस बंद ठेवा. मंग कोनीही उतरा, तुमीही उतरा." थैली उचलून ते निघून गेले. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. चहा निवला.

तिसरा खड्डा माझ्या नवऱ्यानं खणला. दीड वर्षानं जुन्यांपैकी पहिल्याचं झाकण काढलं, तर उपसायला एकही मजूर येईना. माती झाली आहे म्हणून सांगितलं तरी येईना. नवरा काठावर उभा राहून फावड्याकडे बघत होता. शेवटी मी पदर खोचला आणि उतरले. "व माय, सून बाटली!" म्हणून सासूबाई ओरडल्या. मामाजी तोंड फिरवून घरात गेले. मी चाळीस घमेली माती वर दिली. दोन दिवस पाठ धरली होती, पण मनात मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

यंदा कळलं की मिस्त्री मुलाकडे नागपूरला कायमचे चालले आहेत. सिमेंटनं हात फाटले होते, दम लागायचा. मी भेटायला गेले. सामान बांधणं चाललं होतं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. मी खड्ड्यात उतरल्याचं सगळं रंगवून सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उतरल्या ते चांगलंच केलं, बाई. पन त्या दिवशी तुमी दारात उभ्या होत्या ना, तवा एक शबद बोलल्या असत्या, तं मले जास्त बरं वाटलं असतं."

आणि मी, पाहा, तेव्हाही काही बोलले नाही.