फ्रेंच हॉटेलात बाळ्याचा उपास

हसणार असाल तर आधी चहा खाली ठेवा, कारण मी माझ्या वडिलांचं कुत्रं फ्रेंच हॉटेलात जेवायला नेलं होतं.

आप्पा वडूजकडचे. मेंढरांमागं जन्म गेला, आणि गेल्या महिन्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला ऑपरेशनसाठी दाखल करताना माझा हात धरून एवढंच म्हणाले, "बाळ्याला संबाळ." बाळ्या म्हणजे त्यांचं मेंढरं राखणारं कुत्रं. मी त्याला साताऱ्याच्या फ्लॅटवर आणलं आणि त्यानं अन्न सोडलं.

दूध-भाकरी झाली, चिकन झालं, महागाचं पाकीट झालं. चार दिवस नुसतं पाणी. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, खाणं रुचत नसेल. आप्पा रोज फोनवर विचारायचे आणि मी रोज "जेवला" म्हणून ठोकून द्यायचो. कुत्रं माझ्या हातून गेलं असतं तर त्यांना काय तोंड दाखवणार होतो?

ऑफिसमधल्या एकानं सांगितलं, कराडजवळ हायवेला फ्रेंच हॉटेल आहे, कुत्र्यांना आत घेतात, त्यांचं मेनूकार्डसुद्धा वेगळं. रविवारी सांगलीला निघालोच होतो, बाळ्याला गाडीत घातलं.

शेजारच्या टेबलाला एक पांढरं झिपरं कुत्रं खुर्चीत बसून जेवत होतं. बाळ्यापुढं गाजर घालून शिजवलेलं चिकन आलं. नाव उच्चारता येईना, म्हणून मी बोट ठेवून मागवलं होतं. त्यानं वास घेतला, मान फिरवली आणि माझ्याकडं बघत बसला.

मी फरशीवर मांडी घातली. चमच्यानं भरवायला गेलो. "खा की रं," म्हणून विनवलं. शेवटी आचारी बाहेर आला.

"साहेब, मीठबी घातलं न्हाई. काय चुकलं का आमचं?"

बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. अख्खं हॉटेल बघत होतं, आणि मला खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात दवाखान्यातून आईचा फोन. "कुठवर आलास?" माझा आवाज ऐकून तिनं घाबरून फोन आप्पांकडं दिला. मी सगळं कबूल केलं.

"आरं, तू जेवलास का?" आप्पांनी विचारलं.

"मी? इथं यानं खाल्ल्याशिवाय मला घास तरी उतरेल का?"

"मालक जेवल्याबिगर कसं खाईल ते? रानात आदी आमी बसायचं, मग आमच्यातली अर्दी भाकरी त्याला. तू त्याच्या म्होरं बसून कवा जेवलास?"

कधीच नाही. नाष्टा गाडीत, दुपारी कॅन्टीन, रात्री दार लावून लॅपटॉपसमोर.

टेबलावरच्या टोपलीतला लांबडा पाव तोडून मी फरशीवरच खायला लागलो. बाळ्या माझं तोंड बघत होता. उरलेला अर्धा पुढं केला. त्यानं तो हळूच उचलला, खाल्ला, आणि मग ताटलीही चाटूनपुसून साफ केली. आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"खाल्लं का?" आप्पा फोनवरच होते.

"खाल्लं."

"चार दिस तुज्यासाटी थांबलं बग ते. तुजी आयबी ताट झाकून बसायची, आन् तू भायेरनं खाऊन यायचास. कुत्र्याला रीत शिकवली, तुला शिकवायची ऱ्हायली."

मी टोपलीतला दुसरा पाव तोडून तोंडात कोंबला. तोंडात पाव होता म्हणून बोलता आलं नाही, असं आईला नंतर सांगितलं.