तीन बोटं उंची
ग्रीसचा वास आला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मी बोईसरजवळच्या एका दवाखान्याची फोर-व्हील जीप चालवायचो. डोंगरवाटेच्या दगडांना तिचा पुढचा भाग घासायचा, म्हणून मी पुढच्या दोन्ही स्प्रिंगांत एकेक जादा पाटा घालून ती तीन बोटं उचलली. दवाखान्याच्या साहेबांना धक्के बसायला लागले, त्यांनी पाटे काढायला लावले. आठवड्यातच एका अडलेल्या बाईला आणताना जीप दगडावर अडकून बसली. तिला झोळीतून आणलं, पण बाळ वाटेतच गेलं. तिच्या नवऱ्याने तोच दगड आणून साहेबांच्या टेबलावर आदळला. "मोजा सायेब, केवडासा हाय तो!" साहेब म्हणाले, "अरे, काच फुटेल!" साहेबांना मी आजही माफ केलेलं नाही, पण पाटे काढताना पाना माझ्याच हातात होता.