पहिला फणस वैऱ्याला

सुखानं जगायचं असेल तर माणसानं माझ्या सासऱ्यांशी वैर धरावं, असं मी वीस वर्षं सांगत आले. मैत्री करणाऱ्यांचे हाल मी डोळ्यांनी बघितले आहेत. मित्र आला तर अंगणातल्या बाकावर कोरा चहा. वैरी आला तर आत खुर्ची, आणि लगेच स्वयंपाकघराच्या दिशेनं माझ्या नावाची हाक. झाडाचा पहिला फणस वैऱ्याला, पोळ्यातला पहिला मध वैऱ्याला, नाताळच्या नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, पहिलं ताट वैऱ्याला. उरलंसुरलं सग्यासोयऱ्यांना, आणि त्यातूनही काही उरलंच तर घरच्यांना. आम्ही ख्रिस्ती. वैऱ्यावर माया करावी ही येशूची शिकवण आम्ही सगळेच चर्चमध्ये मान खाली घालून ऐकतो आणि पायऱ्या उतरताना तिथंच ठेवून येतो. सासरे ती घरी घेऊन यायचे. माया करायची ती सासऱ्यांनी आणि मसाला वाटायचा तो मी, अशी आमच्या घरची रीत होती.

मी खानापूरकडची. लग्न होऊन जोयड्याच्या रानात आले तेव्हा घरात कोंकणी, शेतावर मराठी आणि कचेरीत कन्नड अशी इथल्या सगळ्यांची सवय. सासरे मात्र माझ्याशी कायम मराठीतच बोलायचे, सुनेला परकं वाटू नये म्हणून. एवढी एक सवलत सोडली तर घरच्या माणसाला त्यांच्याकडून काही मिळायचं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात झाडावरचा पहिला फणस उतरवला, मी हाताला तेल लावून विळीवर बसले, तर सासऱ्यांनी तो उचलून खांद्यावर टाकला आणि निघाले. कुठं, तर आमचे मिरीचे वेल बुडातून तोडणाऱ्या गृहस्थाच्या घरी. मी तेल लावलेले हात तसेच धरून सासूबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "बस बाय, दुसरा पिकंपर्यंत. ह्यांच्याशी एकदा चांगलं भांडून वेगळं व्हावं म्हणते मी. म्हंजे पहिला फणस तरी खायला मिळंल." हे त्या दर उन्हाळ्याला म्हणायच्या आणि दर उन्हाळ्याला हसायच्या.

लोकांना वाटायचं, म्हातारा देवमाणूस आहे, ह्याला राग येतच नसेल. राग यायचा, आणि चांगला दणदणीत यायचा. तो आला की सासरे गोठ्यात जायचे, दार ओढून घ्यायचे आणि म्हशीसमोर उभे राहून त्या वैऱ्याच्या सात पिढ्या कोंकणीत उद्धरायचे. कोंकणी कमी पडली तर शेवट कन्नडमध्ये. म्हैस शांतपणे रवंथ करत ऐकायची. मग बाहेर येऊन चूळ भरायची, तोंड धुवायचं, धुतलेला सदरा घालून भांग पाडायचा, आणि फणस घेऊन निघायचं. मी एकदा न राहवून विचारलं, "मामंजी, मनात एवढं विष असताना हा फणस कशाला? ही ढोंगं झाली." ते चपला घालता घालता थांबले. "ढोंग न्हवं बाय. माया काय आपसूक येती व्हय? आपसूक येतंय ते गवात. भात लावावा लागतोय, वाकून." ह्या बोलण्याचा मला फार राग आला. मला बोलून दाखवायला म्हैससुद्धा मोकळी नव्हती.

उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या बैलगाड्या आमच्या शेताच्या कडेनं जातात. एका वर्षी एक गाडीवाला विसाव्याला थांबला आणि त्याच्या बैलांनी आमची अर्धी चवळी फस्त केली. सासऱ्यांनी गोठ्यात जाऊन म्हशीला सगळं सांगितलं, आणि पुढच्या वर्षी हिरव्या वैरणीचे भारे नि घागरभर ताक घेऊन त्या माणसाची वाट बघत रस्त्यावर उभे राहिले. तिसऱ्या वर्षी त्याच्या मागं त्याच्या ओळखीच्या आणखी चार गाड्या आल्या, आणि पाचही गाड्यांचे बैल सरळ चवळीत. पोट भरलं की वैर संपतं म्हणतात. आमच्याकडं फक्त पंगत वाढायची, आणि ताक घुसळायला मी होतेच. त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त असलेला गिरणीवाला तर फणसाचे दिवस आले की मुद्दाम काहीतरी उकरून काढायचा. तुमच्या घरच्या दळणानं माझी गिरणी बिघडली म्हणून अंगणात येऊन ओरडायचा. सासरे त्याचा चेहरा नीट निरखायचे आणि म्हणायचे, "तू दुस्मान न्हवंस. त्वांड हसतंया तुझं. दुसरा फणस घेऊन जा." तो बिचारा मान खाली घालून दुसरा घेऊन जायचा.

संध्याकाळी आल्तारापुढं, म्हणजे आमच्या घरच्या देव्हाऱ्यापुढं, मेणबत्ती लावून सगळ्यांनी जपमाळ म्हणायची, हा आमच्या घरचा नेम. ती संपली की सासरे प्रार्थनेत नावं घ्यायचे. आधी आजारी माणसांची, मग परगावी गेलेल्यांची, आणि शेवटी आवाज जरा जड करून वैऱ्यांची. समोरच्याच्या मनातलं वैर खरोखर फिटलं तरच त्यातलं नाव गळायचं, नाहीतर वर्षानुवर्षं तसंच चालायचं. कधीच न गळणारं नाव एकच होतं, इनास. हा सासऱ्यांचा चुलतभाऊ. त्याचं घर आमच्या खालच्या अंगाला, आणि आमच्या दारातून डांबरी रस्त्याला जाणारी पायवाट त्याच्या जमिनीतून. दहा मिनिटांची वाट. हद्दीवरून भांडण झालं तेव्हा त्यानं तिच्यावर काटेरी तारेचं कुंपण घातलं, आणि आम्ही डोंगराला वळसा घालून तासाभरानं रस्त्याला लागू लागलो. सासरे तोच वळसा घालून त्याला फणस द्यायला जायचे. तो फणस घ्यायचा आणि तार तशीच ठेवायचा.

आठ वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका दुपारी सासूबाईंच्या छातीत कळ आली. नवरा दांडेलीला नोकरीवर, घरात मी, सासरे आणि शेतावरचे दोन गडी. खुर्चीला बांबू बांधून त्यांना उचललं आणि कुंपणापर्यंत आणलं. इनास ओसरीवर उभा होता. सासरे म्हणाले, "इनास, तार सोड. हिला दवाखान्यात न्ह्यायची हाय." तो म्हणाला, "कोर्टात हाय ते. मला हात लावता येत न्हाई." एका गड्यानं खुर्ची टेकवून कमरेचा कोयता काढला. ते बघून इनासही आपला कोयता घेऊन पायऱ्या उतरला. मी म्हणाले, "तोडा तार." सासऱ्यांनी दोन्ही कोयत्यांकडं बघितलं आणि गड्याचा हात धरला. "न्हाई. रगात सांडंल. वळसा घालू." आम्ही वळसा घातला. मी सासूबाईंवर छत्री धरून चालत होते. ओढ्याच्या वळणावर माझा हात भरून आला म्हणून खाली बघितलं, तेव्हा कळलं की छत्रीची गरज संपली आहे.

त्या दिवशी दोन माणसं माझ्या मनातून उतरली. इनास तर उतरलाच. दुसऱ्या माणसाला मी दोन वेळचं वाढत राहिले, पण मामंजी म्हणून हाक मारली नाही. ते सकाळपासून गोठ्यात जाऊन बसायचे. मी शेण काढायला गेले की कान द्यायची, पण आत एक शब्द ऐकू यायचा नाही. म्हैसही वैतागली असणार.

दोन महिन्यांनी मारियेच्या जन्माचा सण आला. त्या दिवशी चर्चमध्ये भाताच्या नव्या लोंब्यांवर आशीर्वाद मागतात आणि प्रत्येकजण आपापल्या घरी लोंबी घेऊन येतो. तिचे दाणे सोलून, कुटून खिरीत घालायचे आणि घरच्यांनी मिळून खायचे, त्याला नवं म्हणतात. परगावी असलेल्या पोराला आम्ही पाकिटातून दाणा पाठवतो, पण शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला देत नाही. ज्यानं नवं खाल्लं तो घरचा. आणि त्या वर्षी नवं खायला सासऱ्यांनी इनासला बोलावलं. सकाळी गोठ्यातून असा आवाज आला की बसलेली म्हैस उठून उभी राहिली. मग ते तोंड धुऊन, भांग पाडून वळसा घालून गेले आणि त्याला घेऊन आले. मी खीर दोन पातेल्यांत केली. मोठ्या पातेल्यात दाणे घातले. छोट्यात नाही. छोट्यातली इनासला वाढली. दिसायला दोन्ही सारख्याच होत्या, नारळाचं दूध आणि गूळ. सासऱ्यांनी मात्र पळी कुठल्या पातेल्यातून आली ते बघितलं. "तुझ्यात गोड कमी पडलंय वाटतं," असं इनासला म्हणाले आणि आपल्या वाटीतली खीर चमच्यानं त्याच्या वाटीत घालू लागले. एक चमचा नाही, सगळी वाटी. सासूबाई जिथं बसायच्या तिथं बसून इनासनं ती खाल्ली. सासऱ्यांचं नवं त्या वर्षी राहिलं.

संध्याकाळी जपमाळ झाली, नावं सुरू झाली. इनासचं आलं. आणि त्याच्यानंतर, त्याच जड आवाजात, "आमची सून." मी तिथंच उठून उभी राहिले. "मी तुमची दुस्मान काय?" ते म्हणाले, "मला वैरी कुणी धरलंय, बाय? दोन म्हैने झालं, तू मला हाक मारली न्हाईस." मी म्हणाले, "तुम्ही तार तोडू दिली नाही." त्यांनी मेणबत्तीची वात सारखी केली. "व्हय," म्हणाले. "ते मरंपर्यंत माझ्या छातीवर हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "इनासवर माया करणं सोपं हाय. तो लांब ऱ्हातोय. तुझ्या हातचं रोज खायचं असतंय." मी आत निघून गेले. हसू येत होतं आणि त्या माणसाचं तोंडही बघवत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पहिला फणस माझ्या स्वयंपाकघरात येऊन पडला. धुतलेला सदरा, पाडलेला भांग, आणि "घे बाय" एवढंच. म्हणजे आधी गोठ्यात म्हशीनं माझ्याविषयी काय काय ऐकलं असेल ते मला कळलंच. इनासला त्या वर्षी दुसरा गेला, आणि त्याला तो अपमान वाटला म्हणे. मी हट्टानं एकटीनं खायला बसले. सासूबाईंना जन्मभर मिळाला नाही तो फणस माझ्या ताटात होता, आणि तीन गऱ्यांपुढं मला तो जाईना. सात वर्षं मला पहिला फणस मिळाला. हाकही मी हळूहळू मारू लागले, घरात राहायचं तर किती दिवस तोंड शिवून राहणार. पण प्रार्थनेतलं नाव गळलं नाही. हाक तोंडातून येत होती हे त्यांना कळत असावं.

गेल्या वर्षी नव्याच्या सणाला ते अंथरुणाला खिळले होते. इनासला आणायला जाता येत नव्हतं, म्हणून सकाळपासून दाराकडं बघत होते. मी खीर एकाच पातेल्यात केली, डब्यात भरली आणि डोंगराला वळसा घालून इनासच्या ओसरीवर नेऊन ठेवली. इनाससाठी नव्हे, त्या दाराकडं लागलेल्या डोळ्यांसाठी. इनासनं झाकण उघडून विचारलं, "दाणं हायत काय ह्यात?" म्हणजे त्यालाही सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "हायत," आणि मागं वळले. संध्याकाळी सासऱ्यांनी पडल्या पडल्या नावं घेतली. इनासचं आलं. मी वाट बघत राहिले, आणि पुढं आमेन आलं. एवढी वर्षं ज्या नावाचा राग येत होता ते गळलं, तर मला घरातून बाहेर काढल्यासारखं वाटलं. आता कोण माझ्यावर एवढी मेहनत घेणार होतं?

मार्चमध्ये, आमच्या चाळीस उपासांच्या दिवसांत, ते गेले. पेटी कुंपणापाशी आली तेव्हा तार गुंडाळून बाजूला ठेवलेली होती आणि इनास खांबाला धरून उभा होता. मेलेल्याला दहा मिनिटांची वाट मिळाली. जितीला मिळाली नव्हती. तार त्यानं परत लावली नाही, पण मी दोन महिने बाजाराची पिशवी घेऊन वळशानंच गेले.

ह्या मे महिन्यात पहिला फणस पिकला. मी हाताला तेल लावून विळीवर बसले आणि बसूनच राहिले. मग उठून गोठ्यात गेले, दार ओढून घेतलं. म्हैस आता म्हातारी झाली आहे, तरी तिनं सवयीनं कान टवकारले. मी इनासला माझ्या खानापुरी मराठीत शिव्या घातल्या, मग इतक्या वर्षांत शिकलेल्या कोंकणीत घातल्या, आणि बाजारात ऐकलेलं थोडं कन्नड होतं तेही खर्च केलं. मग सासऱ्यांची पाळी आली. स्वतः निघून गेलात आणि आपले वैरी माझ्या गळ्यात बांधून गेलात, असं काहीतरी म्हणता म्हणता म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून रडले. ती रवंथ करत राहिली.

मग तोंड धुतलं, केस विंचरले, फणस कमरेवर घेतला आणि पायवाटेनं निघाले. माया आली होती असं मी म्हणणार नाही. फणस जड होता, आणि वाट खरंच दहा मिनिटांचीच निघाली.